मेरिनो मोजे घेण्याआधी बूट, ऋतू आणि पाय बघा

तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न दडलेत, म्हणून आधी ते सुटे करून मांडते. पावसाळाभर तुम्ही सह्याद्रीत भटकता, मे महिन्यात हिमाचलमधल्या सरपास खिंडीच्या ट्रेकला जायचं ठरलंय, आणि एरवी रस्त्याच्या सर्व्हेचं काम असल्यामुळे दिवसभर सेफ्टी शूज पायात असतात. सुती मोज्यांत टाचेला आणि करंगळीला फोड येतात. मित्र म्हणतात, मेरिनो घे, म्हणजे मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीचे मोजे. आपल्या उकाड्यात लोकरीचे मोजे घालायचे का, एका जोडाला हजार-दीड हजार रुपये मोजायचे का, आणि घ्यायचेच तर जाड की पातळ, असं तुम्ही विचारलंय. शेवटी वडिलांचं विचारलंय. ते थंडीत रात्री गमबूट घालून शेताला पाणी द्यायला जातात, त्यांना मधुमेह आहे, त्यांना हे मोजे चालतील का.

मी बरीच वर्षं सह्याद्रीत आणि हिमालयात गट घेऊन जाते. मुक्कामाला पोचलं की चहाच्या आधी सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावून पाय बघायचे, ही माझी पद्धत. लोक सुरुवातीला लाजतात, नंतर स्वतःहून पाय पुढे करतात. मोज्यांबद्दलची माझी मतं हे पाय बघून बनली आहेत.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: हो, मेरिनो घ्या. पण तुमच्या तिन्ही कामांना एकच मोजा पुरणार नाही. आणि भर जुलैत ओढे तुडवत चालायचं असेल तर तिथे मी मेरिनोला पहिला मान देणार नाही. तुमचे फोड नुसत्या मोज्यांमुळे येतात असंही मला वाटत नाही. टाच आणि करंगळी या दोन जागा सांगितल्यात त्यावरून बुटाबद्दलही शंका येते. त्याबद्दल पुढे बोलते.

आधी फोड येतो कसा ते बघू, म्हणजे मोज्याकडून काय मागायचं ते कळेल. आपल्याला वाटतं की बूट कातडीवर घासतो आणि कातडी सोलवटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट घडतं. घामाने दमट झालेली कातडी मोज्याला चिकटून जागच्या जागी राहते, आणि आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. या ओढाताणीत कातडीच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. कोरडी कातडी सहज घसरते, पूर्ण भिजलेलीही बऱ्यापैकी घसरते. सगळ्यात वाईट ती दमट, चिकचिकीत कातडी. म्हणून मोज्याने दोन कामं करायला हवीत. कातडीजवळचा दमटपणा कमी ठेवायचा, आणि स्वतः पायावर सुरकुत्या न पडता नीट बसून राहायचं. ऊब हे तिसरं काम, आणि आपल्याकडे ते वर्षातून थोडेच दिवस लागतं.

आता सूत आणि लोकर यांतला फरक. साध्या खोलीतल्या हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओलावा धरून असते, सूत ८ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. हवा दमट झाली की लोकर ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. कारण तिच्या तंतूचं बाहेरचं आवरण पाण्याला दूर ठेवतं आणि आतला गाभा वाफ शोषून घेतो. घाम पाण्याच्या रूपात जमायच्या आधी, वाफ असतानाच, लोकर त्याला कातडीपासून उचलते. सुताचं तसं नाही. ते पाणी पटकन पितं, भिजल्यावर लोळागोळा होतं, विणीतली हवा निघून जाते आणि मग ते ओलं फडकं तासन् तास पायाला चिकटून राहतं. सुती मोज्यांत चालणाऱ्यांचे पाय संध्याकाळी पांढरेफटक, सुरकुतलेले का दिसतात ते यावरून लक्षात येईल.

लोकर म्हटली की आपल्याला घोंगडी आठवते आणि पायाला खाजणार असं वाटतं. ती भीती अगदी योग्य आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. पावसात मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराच्या खांद्यावर ती उत्तम काम करते, कारण तिथे टिकाऊपणा हवा. पण साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचं टोक कातडीला लागलं की वाकत नाही, टोचतं. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू बहुधा १७ ते २४ मायक्रॉनचा असतो. तो कातडीला लागताच वाकतो, म्हणून टोचत नाही. मोज्यांसाठी या मापाची लोकर पुरते. त्याहून तलम लोकर अंगातल्या बनियनसाठी छान, मोज्यांत ती लवकर झिजते. ही लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून येते, म्हणून किंमतही तशी. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने भारत मेरिनो नावाची जात तयार केली आहे, पण दुकानात मिळणाऱ्या मोज्यांची लोकर सहसा आयातच असते.

मेरिनोचा आणखी एक गुण लांबच्या ट्रेकला फार उपयोगी पडतो. तीन दिवस घातलेला पॉलिस्टरचा मोजा तंबूत ठेवता येत नाही. मेरिनोचा ठेवता येतो. वासाचे घटक लोकर धरून ठेवते आणि धुतल्यावर सोडते. पाच-सहा दिवसांच्या वाटेवर त्यामुळे दोन जोड कमी न्यावे लागतात.

हे झाले गुण. आता दोष, कारण तेही तितकेच खरे आहेत. लोकर सावकाश वाळते. आणि भिजल्यावर ती कमकुवत होते. सूत भिजलं की उलट मजबूत होतं, लोकर मात्र ताकद गमावते. शिवाय नुसत्या लोकरीचा मोजा टाचेला आणि चवड्याला काही महिन्यांत विरतो. म्हणून पाकिटावर '१०० टक्के मेरिनो' असं दिमाखात लिहिलेलं असेल तर चालायच्या मोज्यासाठी मी तो घेणार नाही. झोपताना घालायला हरकत नाही.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटकांचं प्रमाण असतं, ते वाचा. चालण्यासाठी मला साधारण ५० ते ७० टक्के मेरिनो, ३० ते ४५ टक्के नायलॉन आणि २ ते ५ टक्के लवचीक धागा, म्हणजे इलास्टेन, हे प्रमाण पटतं. नायलॉन मोज्याला जान देतो, लवचीक धागा त्याला पायाच्या कमानीवर धरून ठेवतो. पुढे मोठ्या अक्षरात मेरिनो आणि मागे १५-२० टक्के मेरिनो, बाकी ॲक्रिलिक, असे मोजेही बाजारात भरपूर आहेत. त्यांची किंमत कमी असते, मऊही लागतात, पण घाम हाताळत नाहीत. नुसतं 'वूल' लिहिलेलं असेल तर ती मेरिनो असेलच असं नाही. शंका आली तर घरी आणल्यावर आतला एखादा सुटा धागा काढून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते. प्लास्टिकसारखा वितळून टणक मणी झाला तर तो कृत्रिम धागा. मिश्र मोज्यात दोन्ही दिसेल, तेव्हा लोकर मुळात आहे की नाही एवढंच यातून कळतं, टक्केवारी नाही.

आता जाडी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दुकानात लोक मोजा दाबून बघतात, गुबगुबीत लागला की खूश होतात. मोजा उलटा करून आत बघा. तळव्याला टॉवेलसारखे बारीक वेटोळे असतात, त्यांनाच कुशन म्हणतात. काही मोज्यांना ते नसतातच, काहींना फक्त टाचेला आणि चवड्याला, काहींना संपूर्ण तळव्याला, आणि भारी थंडीच्या मोज्यांना सगळीकडे. वेटोळे दाट आणि लहान असले तर दबूनही परत उठतात. लांब आणि विरळ असतील तर दुसऱ्या धुण्यात चपटे होतात. गुबगुबीतपणापेक्षा हा दाटपणा बघा.

पण किती जाड मोजा घ्यायचा हे तुमचा बूट ठरवतो. बूट घट्ट असेल आणि तुम्ही जाड मोजा घातलात, तर बोटांना हलायला जागा उरत नाही, रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. हिमालयात 'मी दोन जोड घातलेत तरी बोटं बधिर होतायत' असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा एक जोड काढायला लावते. बहुतेक वेळा वीस मिनिटांत बोटांत जीव येतो. बूट सैल असेल आणि मोजा पातळ, तर टाच आत वरखाली होते आणि तिथे फोड ठरलेलाच. म्हणून मोजा आणि बूट ही जोडी एकत्र ठरवायची. बूट घ्यायला जाल तेव्हा ट्रेकचेच मोजे घालून जा, आणि संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि चालताना आणखी सुजतात. बूट घालून उतरणीवर किंवा जिन्यावर उतरून बघा. बोटं पुढे टेकता कामा नयेत.

तुमच्या करंगळीच्या फोडाबद्दल इथेच सांगते. करंगळीला बाहेरच्या बाजूने फोड येतो तेव्हा बूट चवड्याशी अरुंद असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे अनेकांचे पंजे रुंद असतात आणि बरेच परदेशी बूट अरुंद साच्यावर बेतलेले असतात. अशा वेळी महागडा जाड मेरिनो मोजा घातला तर त्रास वाढेल. पातळ मोजा घ्या, नाहीतर रुंद साच्याचा बूट बघा. टाचेच्या फोडावर मात्र मोजाही काम करतो आणि नाडीही. नाडी घोट्याजवळ नुसती घट्ट ओढू नका. वरच्या दोन भोकांत नाडीचा फासा करून ती पलीकडच्या फाशातून ओवा आणि मग आवळा. टाच मागे धरून राहते.

मोज्याचं माप हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. 'फ्री साइज' मोजा ट्रेकला नको. मोजा घातल्यावर त्याचा टाचेचा खोलगट भाग बरोबर टाचेवर यायला हवा. तो घोट्याच्या मागे वर चढला तर मोजा मोठा आहे, आणि जास्तीचं कापड बोटांशी गोळा होऊन घडी पडणार. टाचेखाली ओढला गेला तर लहान. बोटांच्या सांध्यांवर वीण ताणून विरळ दिसत असेल तरी लहान. दोन मापांच्या मध्ये पाय असेल तर मी लहान माप घ्यायला सांगते, कारण मेरिनो थोडी सैलावते. बोटांवरची शिवण आतून बोट फिरवून बघा, तिथे उंचवटा लागता कामा नये. उंचीचं म्हणाल तर मोजा बुटाच्या काठाच्या किमान दोन बोटं वर यायला हवा, नाहीतर बुटाचा काठच चावतो.

आता तुमचा पावसाळा. सह्याद्रीतल्या पावसात कोणताही मोजा पाय कोरडा ठेवू शकत नाही, हे एकदा मान्य केलं की निर्णय सोपे होतात. अंधारबनसारख्या वाटेवर ओढे ओलांडताना घोट्यावर पाणी जातं. बूट वॉटरप्रूफ असला तरी पाणी वरून आत येतं आणि मग बाहेर जायला वाट नसते. वर आपल्या लाल मातीचा बारीक गाळ बुटात शिरतो आणि प्रत्येक पावलाला मोज्यावर काचकागदासारखा फिरतो. भिजलेली, म्हणजे कमकुवत झालेली लोकर आणि हा गाळ यांचं जमत नाही. नवे मेरिनो मोजे एका मोसमात टाचेला चाळणी झालेले मी अनेकांचे पाहिलेत. म्हणून जुलै-ऑगस्टच्या एका दिवसाच्या ट्रेकला मी पाणी निथळणारे जाळीदार बूट आणि पातळ, नायलॉन जास्त असलेले मोजे घालते. ते ओढा ओलांडल्यावर पिळून पुन्हा घालता येतात. लोकर असलीच तर ३०-४० टक्के पुरे. मेरिनोचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी ठेवते. मुक्कामी ट्रेक असेल, हरिश्चंद्रगडावर किंवा रतनगडावर रात्र असेल, तर पोचल्यावर पाय पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तो जोड घालायचा. रात्रभर पाय कोरडे राहिले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओले मोजे घालूनही पाय निभावून नेतात. सकाळी तोच कोरडा जोड घालून निघायचा मोह फार होतो. तो आवरा. पहिल्या ओढ्यात तो भिजेल आणि पुढच्या रात्रीसाठी काहीच उरणार नाही.

चिखल्यांबद्दल बोलायला हवं, कारण पावसात बोटांच्या बेचक्यांत त्या हमखास होतात आणि मेरिनो घातलं की होत नाहीत असा समज पसरलाय. मेरिनोमुळे बेचक्या कमी ओल्या राहतात, त्यामुळे थोडा फायदा होतो. पण झालेल्या चिखल्या मोज्याने बऱ्या होत नाहीत. पाय साबणाने धुणं, बेचक्या पुसणं, बुरशीवरचं औषध डॉक्टरांना विचारून लावणं आणि घरी आल्यावर मोकळ्या पायांनी राहणं, हाच उपाय.

जळवांना मोजा अडवत नाही. आंबोली, कोयनेचं जंगल, वासोटा या भागांत पावसात गेलात तर विणलेल्या मोज्यातून बारीक जळू आत शिरते. तिथे दाट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे जळूमोजे वरून घालावे लागतात. आणि पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, खरा शत्रू म्हणजे कुसळं. गवत वाळलं की कुसळ लोकरीच्या विणीत असं शिरतं की काढता काढता धागा निघतो, आणि आत राहिलेलं टोक पुढच्या ट्रेकला टोचतं. त्या दिवसांत मी लोकरीचे उंच मोजे टाळते, किंवा वरून गेटर, म्हणजे बुटाच्या काठावरून पोटरीवर चढवायचं कापडी आवरण, बांधते. कुसळं भरलेला मोजा तसाच धुवायला टाकू नका. आधी उलटा करून आतून चिमट्याने कुसळं काढा.

सरपाससाठी मात्र मेरिनो डोळे झाकून घ्या. कसोलहून ग्रहण गावाकडे पहिले दिवस जंगलातले, चढाचे, घामाचे. तिथे मध्यम जाडीचा, तळव्याला कुशन असलेला, पिंडरीच्या अर्ध्यापर्यंत येणारा मोजा घाला. नगारूच्या मुक्कामापासून थंडी खरी सुरू होते. खिंड सुमारे ४२०० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात वर बर्फ असतो. पहाटे अंधारात निघता तेव्हा बर्फ कडक असतो, दुपारपर्यंत मऊ होतो आणि बुटाच्या काठावरून आत जातो. त्या दिवशी पायात धुतलेला, सुका जोड हवा आणि वर गेटर हवा. बूट थोडा मोकळा असेल तर आत एकदम पातळ कृत्रिम धाग्याचा मोजा आणि वर मेरिनो असं घालता येतं. मग घर्षण दोन मोज्यांच्या मध्ये होतं, कातडीवर येत नाही. बूट मोकळा नसेल तर हे करू नका, कारण वर सांगितलं तसं बोटं गारठतील.

सरपासला चालायचे दोन जोड आणि झोपायचा एक जाड जोड पुरतो. एक जोड पायात, दुसरा सॅकला बाहेर अडकवून वाळत. ओला मोजा सुक्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळलात की निम्मं पाणी तिथेच जातं. उरलेला ओलसरपणा रात्री स्लीपिंग बॅगेत पोटाजवळ ठेवून घालवता येतो. निथळता मोजा मात्र बॅगेत घेऊ नका, बॅगच ओली होईल. शेकोटीवर किंवा चुलीजवळ मोजे वाळवू नका. लोकर टिकली तरी त्यातलं नायलॉन वितळतं आणि तिथे कडक खड्डा पडतो, तो पुढे पायाला टोचतो.

तुम्ही विचारलेल्या 'उकाड्यात लोकर?' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या रोजच्या कामात आहे. पातळ मेरिनो मोजा पायाला गरम पडत नाही, उलट दमटपणा कमी राहिल्यामुळे सुखाचा वाटतो. पण सेफ्टी शूजचा चामड्याचा आणि बोटांवरच्या पोलादी टोपीचा कोंडवाडा असा असतो की एप्रिल-मे मध्ये कोणताही मोजा दुपारपर्यंत भरून जातो. तिथे मोज्याच्या जातीपेक्षा जेवणाच्या सुट्टीत मोजा बदलण्याने जास्त फरक पडतो. दोन पातळ जोड बरोबर ठेवा. जेवताना बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं हवेवर ठेवा, दुसरा जोड घाला, पहिला गाडीत वाळू द्या. बुटातला पातळ तळ, म्हणजे इनसोल, रोज रात्री बाहेर काढून ठेवा. रोजच्या कामासाठी महागडे मोजे वापरून झिजवण्यापेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास लोकर असलेले साधे मोजे घ्या. पोलादी टोपीच्या कडेला बोटं घासत असतील तर तो बुटाच्या मापाचा प्रश्न आहे, तो मोज्याने सुटणार नाही.

पावडरबद्दल बरेच जण विचारतात. थोडी चालते, पण घामाने तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. त्यापेक्षा जिथे नेहमी फोड येतो तिथे सकाळीच, कोरड्या कातडीवर, औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी सर्जिकल टेप सपाट चिकटवा. आणि चालताना टाच चुरचुरायला लागली की तिथल्या तिथे थांबा. गट पुढे जाईल, लोक काय म्हणतील, याचा विचार करून माणसं अर्धा तास तशीच चालतात, आणि त्या अर्ध्या तासात लालसर डागाचा फोड होतो. माझ्या गटात कुणी 'पाय चुरचुरतोय, थांबा' म्हणालं की मला बरं वाटतं.

आता वडील. त्यांना मधुमेह आहे म्हणून इथे मी जास्त काळजीने लिहिते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. बूट चावला, खडा टोचला, फोड आला तरी कळत नाही, आणि जखम भरायला वेळ लागतो. तेव्हा मोज्यांच्या आधी त्यांच्या डॉक्टरांकडून एकदा पायाची संवेदना तपासून घ्या. मोजा घ्यायचा तर वरची पट्टी सैल असलेला घ्या. काढल्यावर नडगीवर खोल वळ उमटत असेल तर तो त्यांच्यासाठी घट्ट आहे. आतून शिवण सपाट हवी. रंग फिका घ्या, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसेल. गमबुटाचा काठ पोटरीला घासतो, म्हणून मोजा गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा हवा. रबरातून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे थंडीच्या रात्रीही पाय आतून घामाने भिजतो आणि मग गारठतो. अशा ठिकाणी मध्यम जाडीची मेरिनो खरोखर उपयोगी पडते, कारण ती वाफ धरून ठेवते आणि दमट झाली तरी बरीच ऊब टिकवते. पाणी देऊन घरी आल्यावर मोजे बदलायचेच, आणि उजेडात तळपाय, टाचा, बेचक्या बघायच्या. त्यांना स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरातल्या कुणीतरी रोज बघावं. पाय चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ शेकायला मात्र देऊ नका, भाजलेलंही कळत नाही. गमबूट दिवसा काठीवर पालथे टांगून ठेवा आणि घालायच्या आधी झटका, विंचू आत बसतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

धुण्याबद्दल दोन गोष्टी महत्त्वाच्या, कारण निम्मे मोजे चालून नाही तर धुऊन खराब होतात. मोजा उलटा करा, गार पाण्यात, सौम्य लिक्विडने, हाताने दाबून धुवा. दगडावर आपटू नका, ब्रश मारू नका. डाग खाणारे एन्झाइम असलेली पावडर टाळा. ते एन्झाइम प्रथिनं तोडतात आणि लोकर हे प्रथिनच आहे. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनरही नको. उकळत्या पाण्याने लोकर आटते. सावलीत आडवा पसरून वाळवा. पावसाळा संपल्यावर कपाटात ठेवताना मोजे पूर्ण धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवा, कारण कसर घाम लागलेल्या लोकरीवर आधी पडते. घट्ट झाकणाचा डबा किंवा बंद पिशवी, आणि अधूनमधून एकदा बाहेर काढून झटकणं, एवढं पुरतं.

मेंढ्यांना त्रास देऊन काढलेली लोकर नको असेल, तर पाकिटावर आरडब्ल्यूएस (रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड) हे प्रमाणचिन्ह किंवा 'नॉन-म्युलस्ड' असा उल्लेख शोधा. ऑस्ट्रेलियात माश्यांचा उपद्रव टाळायला मेंढीच्या शेपटीकडची कातडी कापायची पद्धत आहे, तिला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

तुमच्या जागी मी असते तर सगळे जोड एकदम घेतले नसते. आत्ता मध्यम जाडीचा एकच मेरिनो जोड घ्या आणि तो पावसाळ्याआधीच्या एखाद्या कोरड्या, लांब ट्रेकला घाला. कात्रज ते सिंहगडची रात्रीची वाट यासाठी उत्तम आहे, कारण तिच्यात चढ-उतार सतत आहेत आणि पायाची खरी परीक्षा होते. एका पायात यातला एक मोजा आणि दुसऱ्यात तुमचा जुना सुती मोजा घालून बघा, बूट तेच. पहाटे दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले की पैसे कशावर खर्च करायचे ते कळेल. मेरिनोचा पाय ठीक असेल तर सरपाससाठी आणखी एक तसाच आणि झोपायला एक जाड जोड घ्या, पावसासाठी नायलॉनचे दोन पातळ. दोन्ही पायांच्या करंगळीला फोड आलेच, तर मोज्यांवर आणखी खर्च करू नका. तो पैसा रुंद बुटासाठी ठेवा, आणि सरपासच्या किमान दीड-दोन महिने आधी तो बूट घेऊन रोज पायात वागवायला लागा.